उंबऱ्यांची मोजणी

आमच्याकडं सोयरीक जुळवताना समोरच्या गावाबद्दल पहिला प्रश्न येतो, "किती उंबऱ्यांचं गाव?" माणसं किती, हे कुणी विचारत नाही. उंबरा म्हणजे पालखी दारात थांबायचा मान, यात्रेच्या वर्गणीतला एक वाटा, भावकीतलं एक नाव. त्या घरात आज चूल पेटते की नाही, हा वेगळा विषय.

मी शाळेत शिकवते. 2011 च्या फेब्रुवारीत माझ्याकडं जनगणनेचं काम आलं. 9 ते 28 तारखेपर्यंत नवी मुंबईतल्या घणसोलीच्या माथाडी (हमाल कामगारांच्या) वसाहतीत दारोदार हिंडले. तक्त्यात जन्माचं ठिकाण, आधी कुठं राहत होता, तिथून का निघाला, इथं येऊन किती वर्षं झाली, असे रकाने होते. 'सातारा' हा शब्द मी त्या वीस दिवसांत इतक्या वेळा लिहिला की शेवटी शेवटी विचारायच्या आधीच हात तिकडं वळायचा. त्यातली काही घरं तर आमच्याच वाडीची. माझे वडील वाशीच्या बाजारात माथाडी, तसे त्या घरांतलेही वडील माथाडी. ती सगळी माणसं मी ठाणे जिल्ह्याच्या हिशोबात घातली. त्या वर्षी ठाण्याचा आकडा 1,10,60,148 झाला, देशातला सगळ्यात मोठा. सातारा जिल्हा 30,03,741 वर राहिला.

तेव्हापासून डोक्यात होतं की एकदा फेब्रुवारीतच गावी जायचं. गणपतीला जातो, मे महिन्यात जातो, शिमग्याला जमेल तसं जातो; पण मोजणीच्या दिवसांत गाव कसं असतं ते मी कधी पाहिलंच नव्हतं. 2024 ला योग आला. शुक्रवारची रजा टाकली, पुढं शनिवार-रविवार आणि सोमवारी 19 फेब्रुवारीला शिवजयंतीची सुट्टी. बरोबर आत्या. तिला शहात्तरावं लागलं होतं. तिचा हट्ट एकच, जाताना पाण्यावरून जायचं आणि येताना घाट उतरायचा. स्वतःची गाडी न्यायची नाही, हे माझ्याकडून.

आमचं खोरं कांदाटीचं. कागदोपत्री सातारा जिल्हा, महाबळेश्वर तालुका. पूर्वेला कोयनेच्या धरणाचा शिवसागर जलाशय, पश्चिमेला सह्याद्रीची धार आणि धारेखाली रत्नागिरी जिल्ह्यातलं खेड. मध्ये अकल्पे, लामज, उचाट, वलवण, शिंदी अशी गावं आणि त्यांच्या वाड्या. आमच्या वाडीचं नाव मी इथं लिहीत नाही. तिथं आता मोजकीच माणसं आहेत, नाव लिहिलं तर कोण काय बोललं ते सगळ्यांना कळेल.

दिवस पहिला, शुक्रवार 16 फेब्रुवारी. घणसोली ते बामणोली

वाशीहून पहाटेची सातारा गाडी मिळाली. आत्याचा प्रवास फुकट (पंचाहत्तरीपुढच्यांना ऑगस्ट 2022 पासून एसटीत तिकीट लागत नाही), माझं अर्धं. कंडक्टरनं आधार कार्ड पाहून आत्याच्या हातात शून्य रुपयांचं तिकीट दिलं. तिनं ते घडी करून पिशवीत ठेवलं. प्रवासातली सगळी तिकिटं तिनं तशीच जपली.

खंबाटकी घाट चढून साताऱ्यात पोचायला दुपार झाली. स्टँडवर बामणोलीची गाडी लागेपर्यंत दीड तास गेला. या गाडीची गर्दी वेगळी. पिठाच्या पिशव्या, कोंबड्यांच्या खाद्याचं पोतं, पत्र्याचा एक नवाकोरा डबा, आणि कॉलेजच्या मुली. बोगदा ओलांडून यवतेश्वरचा घाट लागला की सातारा शहर खाली बशीत ठेवल्यासारखं दिसतं. पुढं पेट्री, मग कास. सप्टेंबरात जिथं पाय ठेवायला जागा नसते त्या पठारावर फेब्रुवारीत काळा कातळ आणि वाळलेलं गवत, बाकी काही नाही. 2012 मध्ये पश्चिम घाटाच्या यादीतून जागतिक वारसा झालेलं हे पठार ओलांडून बामणोलीची माणसं वर्षभर बाजाराला जातात. गाडीतल्या एकीलाही खिडकीबाहेर बघायची गरज वाटली नाही. मी मात्र कासचा तलाव दिसेपर्यंत मान वळवून बसले होते. साताऱ्याच्या नळाला हे पाणी येतं.

तलाव मागं पडला की रस्ता उतरायला लागतो, आणि झाडीतून एकदम पाणी दिसतं. आत्या सीटवरून उठून उभी राहिली. "पोरी, किती उतरलंय बघ." पावसाळ्याअखेर पाणी जिथपर्यंत होतं तिथं काठाला तांबडा पट्टा उमटला होता. आम्हाला पाणी किती आहे ते टीएमसीत (अब्ज घनफुटांत) कळत नाही. धरणाची क्षमता 105.25 टीएमसी असं बातम्यांत ऐकतो. खोऱ्यातली माणसं तो पट्टा बघून सांगतात, लाँच अजून किती महिने कुठवर जाईल ते.

रात्री बामणोलीत एका ओळखीच्या घरी राहिलो. भाकरी, धरणातला मासा, वर ताक. घरच्या मावशींना मी विचारलं, गाव केवढं? त्या म्हणाल्या, "कुठलं? ह्ये का खालचं?" खालचं म्हणजे पाण्याखालचं. धरण भरायला लागलं तेव्हा माणसं वर सरकली, आणि ज्यांना वर जागा नव्हती ती सोलापूर, सांगली, रायगड, ठाणे अशी पांगली. साठ वर्षं झाली तरी मावशींच्या बोलण्यात दोन गावं आहेत.

दिवस दुसरा, शनिवार 17 फेब्रुवारी. बामणोली, तापोळा, अकल्पे

सकाळी धक्क्यावर गर्दी. शनिवार असल्यामुळं वासोटा किल्ल्याला जाणारी पुण्या-मुंबईची मुलं केशरी जाकिटं घालून रांगेत होती. त्यांच्या बोटी वेगळ्या, दर वेगळा. आम्ही बसलो त्या लाँचमध्ये सिमेंटच्या गोण्या, दोन गॅस सिलिंडर, एक बकरी, आणि तापोळ्याच्या दवाखान्यात बाळाला डोस द्यायला निघालेली एक बाई होती.

मधोमध गेल्यावर लाँचवाल्या दादांनी इंजिन थोडं कमी केलं, वाऱ्याचा अंदाज घेण्यासाठी. तेवढ्या वेळात आत्या बोलायला लागली. पाणी अडवायला लागले तेव्हा ती तेरा-चौदा वर्षांची. आधी नदी पायांनी ओलांडायचे. कोयना महाबळेश्वरी उगम पावून दक्षिणेला कऱ्हाडकडं जाते, आणि तिच्या काठानं माणसं, बैल, लग्नाची वऱ्हाडं सगळी चालत यायची-जायची. मग एका पावसाळ्यात वाट बुडाली. दुसऱ्या पावसाळ्यात शेत. पूर्वेकडची सगळी सोयरगत पाण्यापलीकडं गेली. तिची थोरली बहीण जावळीत दिली होती, ती त्यानंतर चार वर्षं माहेरी आली नाही. 11 डिसेंबर 1967 च्या पहाटे भूकंप झाला तेव्हा आत्या वाडीतच होती. कोयनानगर उद्ध्वस्त झाल्याचं यांना कळलं तेही दोन दिवसांनी, तेही खालून, खेडकडून. साताऱ्याची बातमी रत्नागिरीतून आली.

हे ऐकताना मला एक गोष्ट नव्यानं उमगली. धरणाचं पाणीसुद्धा नदीच्या वाटेनं सगळं जात नाही. मोठा वाटा बोगद्यांतून डोंगराच्या पश्चिमेला पोफळीला पडतो, वीज तयार करतो आणि वाशिष्ठीला मिळतो. आमची माणसंही तशीच, उताराच्या उलट, डोंगर ओलांडून पश्चिमेला गेली.

दादांनी हातानं एक काठ दाखवला. "ते दरे." एकनाथ शिंदे तेव्हा मुख्यमंत्री होते, हे त्यांचं मूळ गाव. त्यांचंही घर असंच इथून उठून ठाण्याला गेलेलं. त्या दिवशी गाव शांत होतं. दादा म्हणाले, "सायेब आले की हेलिकॉप्टर येतं, आवाज सगळ्या खोऱ्यात जातो. मग आम्ही म्हणतो, आलं आपलं माणूस गावाला." हे बोलताना त्यांच्या आवाजात अभिमान होता, आणि तो मला खरा वाटला.

तापोळ्याला कोयना, सोळशी आणि कांदाटी यांचं पाणी एक होतं. तालुक्याचं गाव महाबळेश्वर इथून घाटरस्त्यानं जवळपास पंचवीस किलोमीटर. आमच्या खोऱ्यातल्या माणसाला सातबारा, दाखला, तहसीलची सही, काहीही हवं असलं की आधी पाणी ओलांडून तापोळा, मग तो घाट. आरोग्य केंद्रही तापोळ्यात. गरोदर बाईला लाँचमधून आणायचं, लाँच नसेल तर वाट बघायची. या जलाशयावर तरंगता दवाखाना चालतो हे बाहेरच्यांना नवल वाटतं. आम्हाला त्याचं मोल वेगळ्या कारणानं माहीत आहे.

माझी आजी जुलैत गेली. मी तेव्हा चौथीत होते. तिच्या पोटात दुखायला लागलं त्या दिवशी पाण्यावर एवढ्या लाटा होत्या की लाँच सुटेना. पुरुषांनी वाशाला घोंगडी बांधून झोळी केली आणि तिला पश्चिमेला, घाटाकडं उचललं. वाटेत दरड आली होती. ती माणसं दरडीच्या अलीकडं पावसात उभी राहिली आणि आजी तिथंच गेली. वडिलांना मुंबईत तार मिळाली. तिच्या दहाव्यालाही ते कसेबसे पोचले. आत्यानं हे लाँचमध्ये पुन्हा सांगितलं नाही. तापोळ्याच्या धक्क्यावर ती फक्त म्हणाली, "ह्यो पूल तवा असता तर."

पूल म्हणजे तापोळ्याहून पलीकडं आहिरला जाणारा. त्याचे खांब पाण्यात उभे होते, वर यंत्रं लोंबकळत होती. तोवर गाड्यांना तराफा आणि माणसांना लाँच. आम्ही अकल्प्याकडं जाणारी लाँच भरायची वाट पाहत चहा घेतला. माणसं पुरेशी झाल्याशिवाय सुटत नाही आणि डिझेलचा हिशोब सगळ्यांना ठाऊक असल्यामुळं कुणी कुरकुरही करत नाही. दोन तासांनी सुटली.

कांदाटीच्या फाट्यात शिरलं की डोंगर जवळ येतात. पाणी उतरलेल्या काठावर गाळपेराचे हिरवे तुकडे दिसत होते. धरणानं घेतलेली जमीन उन्हाळ्यापुरती वर येते, तेवढ्यात पीक काढून घ्यायचं. पावसाळ्यात ती पुन्हा बुडणार. अकल्प्याच्या काठाला उतरलो तेव्हा चिखल वाळून त्याच्या खपल्या झाल्या होत्या. आत्याला मी हात धरून वर चढवलं. तिथून वाडीपर्यंत एक जीप निघाली होती, वडापची. जागा नव्हती, पण "आक्का आल्यात" म्हणून पुढची सीट रिकामी झाली.

दिवस तिसरा, रविवार 18 फेब्रुवारी. वाडीत

उठले ती शांततेनं. गणपतीत इथं पहाटे पाच वाजता पाण्याच्या हंड्यांचा आवाज येतो, पोरं ओरडतात, लाऊडस्पीकरवर आरती असते. आज एक कोंबडा आणि लांबवर कुणीतरी लाकूड फोडत होतं.

वही घेऊन बाहेर पडले. आमच्या आळीत बावीस घरं. चार उघडी. बाकीच्यांना कुलूप. त्यातली निम्मी घरं नवी, स्लॅबची, ऑईलपेंट केलेली, खिडक्यांना काचा, वरती टाकी. एका घराच्या दारावर घणसोलीच्या बिल्डिंगमध्ये असतं तसंच गणपतीचं पितळी चिन्ह. घर बांधायला कर्ज काढलेलं मला माहीत आहे, माझ्या चुलतभावाचंच ते. तो वर्षातून पंधरा दिवस तिथं राहतो. लोक म्हणतात की ही माणसं गाव सोडून गेली. मी ते मानत नाही. ज्याला सुटलंय तो गावी घर बांधत नाही.

देवळाच्या भिंतीवर देणगीदारांची फरशी. वर 'ग्रामस्थ मंडळ, मुंबई'. पूर्वी या मंडळाची भायखळ्याला एक खोली होती, गावाची खोली. गावाहून आलेल्या पोरानं तिथं पत्र्याची पेटी ठेवायची, रात्रपाळीच्यानं दिवसा झोपायचं, दिवसपाळीच्यानं रात्री. जेवण खानावळीत. माझे आजोबा तिथं राहिले, वडीलही लग्न होईपर्यंत तिथंच. खोलीत किती माणसं राहत असतील ते जनगणनेला कधी नीट कळलं नसणार, कारण झोपायला पाळीपाळीनं यायची.

दुपारी नाना भेटले. ऐंशीच्या पुढं, पण डोळे चांगले. मी विचारलं, "नाना, वाडीची लोकसंख्या किती?"

"साठ उंबरं."

"माणसं किती?"

"साठ उंबरं म्हणलं ना."

"आज रातीला झोपायला किती?"

नानांनी बोटं मोजली. नावं घेत घेत मोजली. चोवीसवर थांबले, मग म्हणाले, "त्या दोघी सासू-सुना लेकीकडं गेल्यात खेडला, त्या धरायच्या का?"

मी हसले नाही. 2011 मध्ये घणसोलीत मीही हाच प्रश्न माझ्या पर्यवेक्षकांना विचारला होता, फक्त उलट्या बाजूनं. एक म्हातारा महिनाभर लेकाकडं आला होता, त्याला इथं धरायचं की गावाला? उत्तर आलं, मोजणीच्या दिवसांत जिथं आहे तिथं. तो म्हातारा आमच्या खोऱ्यातला होता.

नानांशी बोलताना रस्त्याचा विषय निघणारच होता. वाडीचा शेवटचा तुकडा अजून खडीचा आहे. प्रधानमंत्री ग्राम सडक योजना 25 डिसेंबर 2000 ला सुरू झाली, तेव्हा निकष ठरला तो लोकवस्तीचा. सपाटीवर 500 आणि डोंगरी राज्यं, वाळवंट, आदिवासी भाग इथं 250. आकडा 2001 च्या जनगणनेचा. आमचा डोंगर कितीही उभा असला तरी त्या डोंगरी राज्यांत महाराष्ट्र येत नाही, म्हणून आम्हाला 500 ची अट. ज्या वाडीची माणसं पोट भरायला मुंबईला गेली तिचा आकडा घटतो, आकडा घटला की रस्ता मागं पडतो, रस्ता नाही म्हणून आणखी चार घरं कुलूप लावतात. योजनेच्या चौथ्या टप्प्याला सप्टेंबर 2024 मध्ये मंजुरी मिळाली, त्यालाही 2011 चाच आकडा लागतो. म्हणजे मी घणसोलीत भरलेल्या तक्त्यांचं दुसरं टोक इथं आहे. मी नियमाप्रमाणंच भरले होते, आणि पुन्हा भरायची वेळ आली तर तसेच भरीन. पण रस्ता ठरवताना फेब्रुवारीत झोपलेली माणसं मोजायची आणि गणपतीत येणारी एकही धरायची नाही, हे मला पटत नाही. रस्त्यानं चालतात ती दोन्ही.

जिल्हा परिषदेच्या शाळेत डोकावले. रविवार, म्हणून बंद. व्हरांड्यात पट लिहिलेला फळा होता. एकूण सात मुलं. शिक्षिका म्हणून मला माहीत आहे की वीसपेक्षा कमी पटाच्या शाळा एकत्र करायची चर्चा 2023 पासून चालू आहे. सपाटीवर त्याचा अर्थ दोन किलोमीटरची सायकल. इथं त्याचा अर्थ, गव्यांच्या वाटेवरून सहा-सात वर्षांच्या पोरानं चालत जायचं. गवे खरंच आहेत. खालची वावरं पडीक आहेत ती त्यांच्यामुळं आणि रानडुकरांमुळं. नाचणी, वरी पेरली तर रात्रभर राखण करायला माणूस हवा, आणि माणूस नवी मुंबईत, तुर्भ्याला. कोयना अभयारण्य 1985 चं, 2010 पासून ते सह्याद्री व्याघ्र प्रकल्पात. जंगल वाढलं याचा मला आनंदच आहे. पण आत्यानं लहानपणी नाचणी लावलेल्या उतारावर कारवीचं रान माजलेलं बघताना तिचा चेहरा मी पाहिला.

मोबाईलची रेंज शाळेच्या मागच्या एका दगडावर येते. संध्याकाळी सहानंतर तिथं सगळी वाडी जमते. प्रत्येकाचं मुंबईला कुणीतरी आहे. आवाज मोठा काढून बोलतात, त्यामुळं सगळ्यांना सगळ्यांचं कळतं. कुणाचा मुलगा आजारी, कुणाच्या बिल्डिंगची लिफ्ट बंद, बाजारात कांदा काय भावानं गेला. अर्धी वाडी इथं आणि अर्धी फोनच्या पलीकडं, अशी तासभर पूर्ण वाडी भरते.

अंधार पडल्यावर आत्यानं मला देवळाच्या पायरीवर बसवलं आणि म्हणाली, धूर मोज. अकरा ठिकाणी धूर होता. दोघं-तिघं जण गॅसवर करतात, ते धुरात येत नाहीत, हेही तिनंच सांगितलं.

दिवस चौथा, सोमवार 19 फेब्रुवारी. रघुवीर घाट, खेड, घणसोली

अकल्प्याची गाडी खेड आगाराची. सातारा जिल्ह्यातल्या या गावांना रोजची एसटी रत्नागिरी जिल्ह्यातून येते. बाजार खेडचा, दवाखाना खेडचा, दहावीनंतरचं कॉलेज खेडचं. फक्त कागद साताऱ्याचे.

गाडी यायच्या आधी आमच्या पायाशी पिशव्या जमायला लागल्या. घणसोलीच्या पाच घरांसाठी नाचणीचं पीठ, कुळीथ, एका बाटलीत मध, एका डब्यात तूप. प्रत्येक पिशवीवर चिंधी बांधलेली, चिंधीचा रंग वेगळा. नाव लिहायची गरज नाही, रंग बघून घरं ओळखतात.

ड्रायव्हर-कंडक्टर दोघांनाही रस्त्यावरचं प्रत्येक माणूस माहीत. एका वाडीच्या फाट्यावर कुणी चढणारं नव्हतं तरी गाडी थांबली. कंडक्टरनं खिडकीतून औषधाची पुडी दिली आणि "रात्रीची अर्धीच घ्यायची" असं सांगितलं. शिंदीच्या अलीकडं शिवज्योत घेऊन पोरं धावत येताना दिसली. अंगात भगवे टी-शर्ट, मागं एक टेम्पो. ड्रायव्हरनं गाडी कडेला घेऊन त्यांना वाट दिली. आत्यानं बसल्या जागी हात जोडले. त्यातली दोन पोरं आमच्या बिल्डिंगमधली निघाली. रात्री निघून आली होती, रात्रीच परत जाणार होती. जनगणनेत ती ठाण्याची.

शिंदीनंतर रस्ता धारेवर येतो आणि एकदम कोकण उघडतं. रघुवीर घाट. पावसाळ्यात इथं दरडी येतात, एक दरड आली की खोऱ्यातल्या गावांचा खेडशी संबंध तुटतो. मग पुन्हा पाणी, पुन्हा लाँच, वारा असला तर तेही नाही. फेब्रुवारीत मात्र घाट स्वच्छ, कडेला दरडीचे जुने दगड रचून ठेवलेले.

हा घाट नव्हता तेव्हाच्या वाटा आत्यानं बोटानं दाखवल्या. तिकडं चकदेव, तिथून खाली आंबिवलीला शिड्या लावलेल्या. उत्तरेला हातलोटचा घाट, बिरमणीला उतरणारा. माझे आजोबा पहिल्यांदा मुंबईला गेले ते शिड्या उतरून. आंबिवलीहून चालत खेड, खेडहून होडीनं जगबुडीतून दाभोळ, दाभोळहून आगबोट. चौथ्या दिवशी भाऊचा धक्का. त्यांनी बरोबर काय नेलं होतं असं मी विचारलं. आत्या म्हणाली, "वरीचं पीठ आन् येक घोंगडी. परत आलं तवा घोंगडी हुती." ती घोंगडी पुढं आजीच्या झोळीला वापरली का, हे विचारायचं मी टाळलं.

गाडी वळणावर वळण घेत खोपीला उतरली. हवा जड झाली, आंब्याला मोहोर होता. खेडमध्ये स्टँडसमोर वडापाव खाल्ला आणि रिक्षानं स्टेशन गाठलं. रत्नागिरी जिल्ह्याची लोकसंख्या 2001 मध्ये 16,96,777 होती, 2011 मध्ये 16,15,069. दहा वर्षांत जिल्हाच घटला. हजार पुरुषांमागं 1,122 बायका, कारण पुरुष मुंबईत. घाटावरून बघताना वाटतं कोकण भरलेलं आहे, पण कुलपं तिथंही तीच.

कोकण रेल्वे 1998 मध्ये पूर्ण धावायला लागली तेव्हा आजोबा नव्हते. त्यांच्या चार दिवसांची वाट आम्ही दुपारच्या सावंतवाडी-दिवा गाडीनं संध्याकाळपर्यंत काटली. खिडकीची जागा आत्याला मिळाली. बोगदा आला की ती डोळे मिटायची आणि बाहेर पडलं की विचारायची, आता कुठलं गाव. पनवेलला उतरून ठाणे लोकल पकडली, घणसोलीला पोचायला रात्र झाली.

पुढची जनगणना जाहीर झाली आहे, तिची संदर्भ तारीख 1 मार्च 2027. त्या वर्षी होळी त्यानंतर जवळपास तीन आठवड्यांनी आहे. 2011 मध्येही मोजणी फेब्रुवारीअखेर संपली आणि शिमगा त्यानंतर वीस दिवसांनी आला. वाडी भरेल तेव्हा मोजणारे निघून गेलेले असतील. मला काम आलं तर मी घेणार आहे. या वेळी जन्मठिकाणाच्या रकान्यापाशी घाई करणार नाही.

पिशव्या दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर वाटल्या. चार घरांत चहा झाला. पाचवी पिशवी, हिरव्या चिंधीची, तिसऱ्या मजल्यावरच्या काकूंची. चार वर्षं झाली त्या गावी गेल्या नाहीत, गुडघ्यामुळं. पिशवी हातात घेऊन त्यांनी आधी पीठ हुंगलं. वाडीत कोण आहे, कोण नाही, काही विचारलं नाही.

"पाणी कुठवर आलंय गं?"

"उतरलंय काकू. पण लाँच अकल्प्याला लागते अजून."

"मग मे पत्तोर जाईल," त्या म्हणाल्या आणि डबा रिकामा करायला आत गेल्या.